सगळ्या बायकाच घेऊन शेक्सपिअरची कॉमेडी करावी का?

विंगेतून: आमच्या गटाने 'द टेमिंग ऑफ द श्रू' घेतलंय, म्हणजे पेट्रुकिओ आपल्या भांडखोर बायकोला, कॅथरिनाला, वठणीवर आणतो ते नाटक. पेट्रुकिओपासून नोकरांपर्यंत सगळ्या बायका. मी कॅथरिना करतेय आणि हा निर्णय मला मनापासून पटलाय. मुख्य कथेत बायकांची पात्रं किती? कॅथरिना, तिची धाकटी बहीण बियांका आणि शेवटी येणारी विधवा. तालमीला येणाऱ्या बाकीच्या जणींनी काय पडदेच ओढायचे? शिवाय शेक्सपिअरच्या काळी या तिघीही मुलगेच करायचे. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बाई आली ती 1660 च्या सुमारास.

तिसरी घंटा: माझा पूर्ण विरोध. पेट्रुकिओ बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, भर दिवसा सूर्याला चंद्र म्हणायला लावतो. पुरुषाने हे केलं की प्रेक्षागृह गप्प होतं. मिशा चिकटवलेल्या बाईने केलं की लोक हसतात आणि छळ लुटुपुटूचा होतो. अमेरिकन नाटककार नील सायमनला 'द ऑड कपल' (1965) हे दोन पुरुषांचं नाटक बायकांना द्यायचं होतं, तर त्याने 1985 साली ते पुन्हा लिहिलं. नुसते नट बदलून भागत नाही.

विंगेतून: मिशा आम्ही पहिल्याच आठवड्यात काढून टाकल्या. आमची पेट्रुकिओ आता नुसती बसते. पाय फाकून, अख्खी खुर्ची व्यापून, समोरचीचं वाक्य पुरं होऊ न देता. आधी हसू येतं, मग ते विरतं, कारण ती ढब प्रत्येकीने घरीदारी पाहिलेली असते. पुरुष नटाच्या अंगावर तो स्वभाव वाटतो. बाईच्या अंगावर दिसतं की हे शिकलेलं आहे.

प्रॉम्प्टर: प्रवेशिका, म्हणजे मुख्य कथेआधीचा सुरुवातीचा भाग, कापू नका, एवढीच विनंती. दारुड्या स्लायला फसवायला एका पोरसवदा नोकराला बायकी कपडे घालून त्याची बायको म्हणून बसवतात, आणि मग त्यांच्यापुढे हे नाटक सुरू होतं. सोंगाची गोष्ट शेक्सपिअरनेच आधी सांगून ठेवलीय. 2003 साली लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये दिग्दर्शिका फिलिडा लॉइड यांनी हे नाटक सगळ्या बायका घेऊनच केलं होतं. जॅनेट मॅकटीअर पेट्रुकिओ होत्या.

तिसरी घंटा: प्रवेशिकेचं पटलं. पण कॅथरिनाचं शेवटचं भाषण? चाळीसहून जास्त ओळी, आणि शेवटी नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायची तयारी. ते कसं निभावणार?

विंगेतून: तिथेच अडलेय. रोज वेगळं करून बघते. काल सगळं भाषण बियांकाकडे बघून म्हटलं. तिने मान खाली घातली, हे बसवलेलं नव्हतं.