टीपीएमएसचा (टायरमधल्या हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचा) दिवा आधी लुकलुकतो, मग पेटूनच राहतो: हवा कमी आहे की सेन्सर गेला?

मंडळी, मदत हवी आहे. गाडी ७ वर्षांची. गेल्या आठवड्यापासून सकाळी चालू केली की डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा (घोड्याच्या नालेसारखा, मधे उद्गारचिन्ह) लुकलुकायला लागतो. मिनिटभराने लुकलुकणं थांबतं आणि दिवा तसाच पेटून राहतो. थोडं अंतर गेलं की स्क्रीनवर तीन चाकांचे आकडे येतात, मागच्या डाव्या चाकासमोर मात्र नुसत्या आडव्या रेघा. दुपारी तीच गाडी काढली तर चारही आकडे येतात आणि दिवा लागतच नाही.

रात्रभर उभ्या गाडीची हवा सकाळी स्वतःच्या गेजने मोजली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आहे, चारही टायरमध्ये ३० निघाली. ३३ हवा भरली होती ती दुपारी, ३० अंश तापमानात. सकाळी तापमान १२ च्या आसपास होतं.

एक मेकॅनिक म्हणतो, थंडीचा परिणाम आहे, हवा वाढवा. दुसरा म्हणतो, चाकात सेन्सर नसतोच, एबीएसवरून (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी, चाकांचा वेग मोजणारी यंत्रणा) अंदाज काढतात, रीसेट करा. या गाडीतून रोज मुलं हायवेने जातात, म्हणून दिव्याकडे काणाडोळा करायचा नाहीये. खरं कोणाचं?

प्रतिसाद १:
दोघांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, पण तुमचा दोष वेगळा दिसतोय.

एबीएसवाली पद्धत असते. हवा कमी झालेला टायर किंचित बसतो, त्याची त्रिज्या घटते आणि तेवढंच अंतर कापायला तो जास्त फेरे घेतो. हा फरक गाडी ओळखते. पण तिला पीएसआय कळत नाही. तुम्हाला प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो, म्हणजे सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी आहे. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओने कळवतो.

थंडीचं गणितही बरोबर आहे. साधारण साडेपाच अंशांमागे १ पीएसआय धरा, १८ अंशांना ३ होतात. म्हणजे हवा गळत नाहीये. सकाळी, गाडी न चालवता ३३ करून घ्या, त्याहून जास्त नको. पण चारही टायर सारखेच उतरले असताना एकाच चाकाच्या जागी रेघा का? आणि हवा कमी असेल तर दिवा सरळ पेटतो. आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर होणं ही बहुतेक गाड्यांत यंत्रणेतच बिघाड असल्याची खूण असते.

माझा संशय त्या सेन्सरच्या बॅटरीवर. आत लिथियमची छोटी बॅटरी असते, ५ ते १० वर्षं चालते. उतरत आलेली बॅटरी थंडीत आणखी ढिली पडते, ऊन चढलं की पुन्हा काम करते. तुमचं सकाळ-दुपारचं कोडं इथे जुळतं.

प्रतिसाद २:
टायरवाल्याकडे टीपीएमएस टूल असेल तर टायर न उघडता कळेल. टूल व्हॉल्व्हजवळ धरून सेन्सरला जागं करतात, तो आपला क्रमांक, दाब आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थितीही सांगतो. सकाळीच जा, दुपारी सगळं ठीक दाखवेल! बॅटरी सहसा सीलबंद असते, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. नव्याचा क्रमांक गाडीला ओळखवून द्यायला विसरू नका. तोवर त्या चाकाची हवा हाताने मोजत राहा, तिथे पंक्चर झालं तरी गाडी सांगणार नाही.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी तपासून आलो. तीन चाकांनी टूल लावताच उत्तर दिलं. मागचं डावं तिसऱ्या प्रयत्नाला बोललं आणि बॅटरी 'लो' दाखवली. ३३ ही भरून घेतली. आता पेच एकच: बाकीचे तीनही त्याच वयाचे आहेत. टायरही बदलायला आलेत, तर एकदाच सगळं उघडून चारही सेन्सर नवे बसवावेत का? कोणी असं केलं असेल तर अनुभव सांगा.