'घुम्या' म्हणून ऐकून घेतलेल्यांनी इथे लिहा (अनुभव धागा)

चवथीला घर भरलेलं, आरत्या झाल्या, घुमटं (आरतीला वाजवायची मातीची वाद्यं) खाली ठेवली आणि मावशीनं सगळ्यांसमोर विचारलंच, "हा अजून तस्साच गे? तोंडात मूग धरून बसलेला?" मी ३८ वर्षांचा आहे हो. गोव्यात गप्प माणसाचं कठीणच, इथे पोदेर पाव देऊन जाताना पण दोन गोष्टी बोलून जातो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख अशी विभागणी मांडली तेव्हा मुद्दा माणसाचा कल आत की बाहेर एवढाच होता, लाजरेपणा ही वेगळी गोष्ट, पण मावशीला कोण सांगणार. तर गप्प असण्याचा कधी उपयोग झाला का? लिहा, सावकाश लिहा.

*

मी फोंड्याकडची. आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक होतंच, आणि शाळेत असताना मला एकदा दासीचं काम दिलं होतं, तीन वाक्यं, त्यातली दोन मी गिळली. दुसऱ्या वर्षी मला विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला बसवलं, म्हणजे शिक्षाच. आता त्याला वीस वर्षं झाली. लोकांना वाटतं नुसतं वाचायचं असतं. तसं नाही, नट मुद्दाम थांबलाय की खरंच अडकलाय हे ओळखता आलं पाहिजे, पॉज घेतला असताना शब्द दिलात तर तो आत येऊन शिव्या घालतो आणि अडकलेला असताना उशीर केलात तर प्रेक्षक हसतात. मी पायांकडे बघते. अडकलेल्या माणसाचे पाय आधी चुळबुळ करतात, चेहरा नंतर. आमचा संभाजी तालमीत सगळ्यात मोठ्यानं बोलतो, पण मेकअप झाला की आधी येऊन बघतो मी कुठल्या विंगेत बसलेय.

*

माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगतात त्याचं, सामान आमच्याकडे काका आणतो, बोलणं दिवसाला दहा वाक्यं असेल. कांगलां कुठे पिकतात, घागऱ्या कुठल्या वळणावर मिळतात हे त्याला एकट्याला ठाऊक. गेल्या वर्षी त्याला ताप आला, आम्ही सगळे बोलके म्हापशाच्या बाजारात जाऊन दुप्पट पैसे मोजून आलो.

*

कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनला होतो, "हसत नाहीस, गेस्टशी बोलत नाहीस" म्हणून नाईट ऑडिटला टाकलं. रात्री एकटा, दिवसभराची बिलं, कार्ड मशीनची स्लिप, रूमचे रेट सगळं जुळवायचं. मला स्वर्गच. पहिल्याच महिन्यात एकच ॲडव्हान्स दोन बुकिंगला लागलेला सापडला, दिवसा तीन जणांच्या हाताखालून गेला होता. पगार मात्र वाढला नाही, ते सोडा.

*

सगळंच गोड नका हो लिहू. मी पणजीत ऑफिसात आहे. माझी आयडिया एकानं मीटिंगमध्ये माझ्याच शेजारी बसून मोठ्यानं सांगितली आणि शाबासकी घेतली, मी नुसती वहीत रेघा मारत बसले. ही काही माझी ताकद नव्हे, मला बोलायला हवं होतं. आता आदल्या दिवशीच मुद्दे सगळ्यांना मेल करते, मग कोण मोठ्यानं बोलतो त्यानं फरक पडत नाही. लिहिणं जमतं ना, मग तेच वापरायचं.

*

दिवाडीहून रोज फेरीबोटीनं जुनं गोवं. एक गृहस्थ रोज त्याच कठड्याला, आम्ही सहा-सात वर्षं फक्त मान हलवतो, नाव माहीत नाही. मे महिन्यात मी आजारी होतो, आठवडाभर गेलो नाही. परत गेलो तर ते शेजारी येऊन उभे राहिले, म्हणाले "बरो आसा मू?" मी म्हटलं हय. मग परत पाण्याकडे बघत बसलो दोघंही.