मथळ्यातला ‘दावा’ कुठं जातो?

टिळकवाडीकर
बेळगावातल्या एका मराठी दैनिकात पंधरा वर्षं आंतरराष्ट्रीय पान लावलं. लढणारे देश परक्या पेपरात खोटं घुसवतात असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, आधी शब्द घुसवतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटलं, युक्रेननं ‘आक्रमण’. जो शब्द उचललात त्याच्या पंगतीला बसलात.

त्याच दिवसांत काळ्या समुद्रातल्या स्नेक आयलंड या युक्रेनच्या बेटावरचे १३ जवान मारले गेल्याचं युक्रेननं जाहीर केलं. वृत्तसंस्थेकडून आलेल्या कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, ‘युक्रेनचा दावा’ असं स्वच्छ होतं. रात्रीचे साडेअकरा, पान सोडायची घाई, मथळा दोन कॉलमात बसेना. कात्री लागली ती ‘दावा’लाच, आणि ती माझ्याच हातची. २८ तारखेला युक्रेनच्याच नौदलानं सांगितलं, जवान जिवंत आहेत, रशियाच्या कैदेत आहेत.

निपाणीचा तंबाखूवाला
पटलं नाही गा. पेपर म्हणजे काय रिकामं पोतं, कुणीही येऊन भरायला? मार्च २०२२ आठवा. रशियाचं संरक्षण खातं म्हणालं, खारकीव्ह शहरात युक्रेननं भारतीय विद्यार्थी ओलीस धरलेत. युक्रेन म्हणालं, रशियानं मारा थांबवला तर पोरं बाहेर पडतील. मी वाचलेल्या पेपरांनी वर काय लावलं? आपलं परराष्ट्र खातं: ओलिसांची कसलीही माहिती नाही. १ मार्चलाच आपल्या कर्नाटकातल्या हावेरीचा पोरगा तिथं माऱ्यात मेला होता, खायचं सामान आणायला बाहेर पडलेला. घरचं मढं असताना मॉस्कोचं कोण ऐकतंय? कथा तिकडची असली तरी चाळण आपलीच असते.

टिळकवाडीकर
मॉस्को-कीव्हची री ओढली नाही, दिल्लीची ओढली. त्याला चाळण म्हणायचं? त्या दिवशी दिल्ली बरोबर होती हे मान्य. पण आम्ही तपासलं कुठं होतं?

निपाणीचा तंबाखूवाला
तपासायला बेळगावहून खारकीव्हला जीप धाडायची होती काय!

खानापूरची ताई
दोघंही कॉपी टेबलावर आल्यानंतरचं बोलताय. माझ्या मते खेळ त्याच्या आधीच होतो. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलनं परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊच दिलं नाही, गेले ते जवळजवळ सगळे इस्रायली लष्कराच्या सोबतीनं. लष्कर दाखवील तेवढंच बघायचं. बाकीचं सगळं गाझातल्या स्थानिक बातमीदारांच्या जिवावर, आणि त्यांचं छापताना ‘याची खातरजमा करता आली नाही’ ही ओळ खाली. खातरजमा का करता आली नाही, ते मात्र क्वचितच.

आपली १ नोव्हेंबरची सायकल फेरी घ्या, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची. मराठी पेपरात काळा दिवस, कन्नड पेपरात राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिन. शब्दांची मारामारी तिथंही आहेच, पण दोन्ही बातमीदार एकाच रस्त्यावर उभे असतात. ज्याला खरं बघायचंय त्यानं चार पावलं चालावं. गाझात ती चार पावलंच बंद केलीत.

टिळकवाडीकर
ताई, हे मानलं. माझा मुद्दा यापुढं लहान आहे.

निपाणीचा तंबाखूवाला
लहान आहे तर आणखी एक सांगा. ते १३ जण जिवंत निघाले, ती बातमी कुठं लावलीसा?

टिळकवाडीकर
आठव्या पानावर, एका कॉलमात. ‘दावा’ त्यात मावला होता.