व्हिएन्नाचं लष्करी संग्रहालय आणि आपल्या घरातली ट्रंक

अनघा: आज व्हिएन्नातलं लष्करी इतिहासाचं संग्रहालय बघितलं. आर्सेनल या जुन्या लष्करी आवारातली लाल विटांची भव्य इमारत, १८५६ साली बांधून झालेली. फोटो पाठवते, पण आधी वाचा.

अनघा: एका दालनात साराजेव्होची ती मोटार उभी आहे. ग्रेफ उंड श्टिफ्ट कंपनीची, उघड्या टपाची. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना हिच्यातच गोळ्या लागल्या. सकाळी बाँब फेकला होता, त्यातून दोघं वाचली. नंतर जखमींना भेटायला निघाले आणि चालकाने चुकीचं वळण घेतलं. गाडी थांबली ती नेमकी मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिपसमोर. १९ वर्षांचं पोर! त्या गोळ्यांतूनच पहिलं महायुद्ध पेटलं.

अनघा: तिथेच फ्रान्झ फर्डिनांडचा फिकट निळा कोट ठेवलाय, रक्ताचे डाग असलेला. मी कितीतरी वेळ हलले नाही.

आजोबा: तुर्कांनी १६८३ ला व्हिएन्नाला घातलेल्या वेढ्याचं काही दिसलं का? त्याच साली इकडे संभाजी महाराज फोंड्याला पोर्तुगीजांशी लढत होते.

अनघा: हो आजोबा, तुर्की तंबूसुद्धा आहे. मला नवल वाटलं ते हे की एका दालनात तुर्क शत्रू आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या दालनात तेच ऑस्ट्रियाचे दोस्त.

सुधीरकाका: आणि त्याच तुर्कांनी आपल्या पणजोबांना इराकमधल्या कुटला कोंडलं. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली त्यांची पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात होती. धान्य संपत आलं, घोडे कापायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. मग कैद्यांना उन्हातून पायी चालवत नेलं, कितीतरी जण वाटेतच गेले. साराजेव्होच्या गोळीचा हिशेब आपल्या घरापर्यंत येतो, हे मी नेहमी सांगतो.

अनघा: काका, तिथे उभी असताना तेच मनात होतं. त्यांचं पदक कुणाकडे आहे?

शोभाआत्या: माझ्या ट्रंकेत. आईने कापडात गुंडाळून ठेवलं होतं.

अनघा: आत्या, कड बघ ना. त्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते.

शोभाआत्या: थांब, भिंग आणते.

शोभाआत्या: पलटणीचा नंबर ११० दिसतोय. पुढे मराठा. नाव मात्र झिजलंय गं, शेवटची दोनच अक्षरं लागतात.