मदत हवी आहे: जुनी ऑक्टाव्हिया आरएस रोज वापरायला घ्यावी का?

नमस्कार मंडळी. २००७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (१.८ टर्बो, पेट्रोल) बघतोय. रोज म्हापसा ते वेर्णा जाऊन-येऊन चालवायची आहे. गाडी एमएच पासिंगची, १५ वर्षांनंतर आरसी ५ वर्षांसाठी रिन्यू केलेली.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद मालकाकडे नाही. हे इंजिन बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकवतं, म्हणून बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकदमच बदलायचं धरलंय. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजणार, चारही सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक दिसला तर विषय संपला. खरी धास्ती ऑइल स्लजची, म्हणजे तेलाचा घट्ट गाळ झाल्याची. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून तेल ओढणाऱ्या पिकअपची जाळी बघायची आहे, कारण ती चोंदली की तेलाचं प्रेशर पडतं आणि आधी टर्बो जातो. मालक म्हणतात, ‘कशाला उघडताय, मक्खन चालते!’ सगळेच म्हणतात.

गाडी किनाऱ्याजवळ उभी असायची. सिल (दाराखालची पट्टी), जॅक पॉइंट आणि सबफ्रेमवर (इंजिन-सस्पेन्शन धरणारा सांगाडा) नवं काळं अंडरकोटिंग मारलंय, ते मला खटकतंय, खाली गंज झाकलाय की काय. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघू दिलं नाही तर काय समजायचं?

विचारायचं एवढंच:
१. बेल्ट किट आणि कॉइल पॅक (स्पार्क प्लगला करंट देणारे) सध्या चांगल्या कंपनीचे कुठून मागवता?
२. पणजी-मडगाव पट्ट्यात या इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक कोण? नंबर मेसेजमध्ये टाका.
३. फॉर्म २८ ची एनओसी (जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला) घेऊन इथे गोव्यात जीए पासिंग करताना एवढ्या जुन्या गाडीला रोड टॅक्स किती बसला?

शनिवारी टोकन मागताहेत.