लॅंगहोमचं उदाहरण

एकाने लिहिलंय की ग्राऊस (ब्रिटनमधल्या माळांवरचा, शिकारीसाठी जपला जाणारा कोंबडीसारखा पक्षी) वाचवायला कोल्हे-कावळे मारणं म्हणजे नुसतं ढोंग, शेवटी तो पक्षी १२ ऑगस्टपासून, म्हणजे शिकारीचा हंगाम सुरू झाला की, बंदुकीपुढेच जाणार. अर्धं पटलं. पण दक्षिण स्कॉटलंडमधल्या लॅंगहोम या माळाचा अनुभव बघा.

१९९२ मध्ये त्या माळावर हेन हॅरियर या शिकारी पक्ष्याच्या (आपल्याकडच्या भोवत्याचा भाऊबंद) जेमतेम २ माद्या घरटी करायच्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही असं ठरलं आणि १९९७ पर्यंत त्या २० झाल्या. ग्राऊसची पिल्लं फस्त होऊ लागली, शिकार बंद पडली, कोल्हे-कावळे मारणारे रखवालदार गेले. मग हॅरियर वाढले असतील ना? उलट, तेही घटले! हॅरियरही हेदर नावाच्या बुटक्या झुडपांत जमिनीवरच अंडी घालतो. कोल्ह्याला रोखणारं कुणी उरलं नाही.

दुसरा प्रयोग नॉर्थम्बरलंडमधल्या ऑटरबर्नचा, २००० ते २००८. कोल्हे, कावळे, स्टोट आणि वीझल (मुंगसासारखे छोटे मांसाहारी प्राणी) कमी केल्यावर ग्राऊसच नव्हे, टिटवी आणि कर्ल्यू (लांब वाकड्या चोचीचा पक्षी) यांचीही वीण सुमारे तिपटीने यशस्वी झाली.

मात्र याच्या आडून शिकारी पक्ष्यांना विष घालणाऱ्यांना माफ करता येत नाही. म्हणून तर स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्याने ग्राऊसच्या शिकारीला परवाना लावला. हॅरियरला न मारता ग्राऊस वाचतात का, हे बघायला लॅंगहोमला हॅरियरच्या घरट्याजवळ खांबावर कोंबडीची पिल्लं आणि पांढरे उंदीर ठेवून पाहिले होते. हॅरियरने ग्राऊसची पिल्लं नेणं बरंच कमी केलं, पण ग्राऊस काही वाढले नाहीत.