सर्व्हियस टुलियस म्हणजेच मास्टार्ना? मूळ साधनांबद्दल मदत हवी आहे

मंडळी, रोमचा सहावा राजा सर्व्हियस टुलियस याच्या कथेचा माग काढतोय, जाणकारांची मदत हवी आहे.

रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेली गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असेल, राजवाड्यात वाढणारा पोरगा झोपलेला असताना डोक्याभोवती ज्वाळा दिसतात, राणी तानाक्विल म्हणते पाणी ओतू नका, आणि पुढे तोच जावई होतो न् राजाही होतो. आई युद्धात पकडून आणलेली. दासीपुत्र ही गोष्ट लिव्हीला स्वतःला पटत नाही, तो म्हणतो ती कॉर्निक्युलमच्या मोठ्या घरातली बाई होती. पण हे सगळं लिव्हीकडे आलं कुठून? परंपरेनुसार सर्व्हियसची कारकीर्द इ.स.पू. ५७८ ते ५३५, आणि लिव्ही लिहितोय पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात. पहिल्या जनगणनेत ८०,००० नागरिक भरले हे सांगताना तो फेबियस पिक्टरचं नाव घेतो, म्हणजे पिक्टरचं लिखाण कुठल्यातरी वाटेने त्याच्यापर्यंत पोचलं होतं. पण पिक्टर हा रोमचा पहिला इतिहासकार (तोही ग्रीकमध्ये लिहिणारा) हॅनिबलच्या युद्धाच्या काळातला, म्हणजे सर्व्हियसनंतर तीनशेच्या वर वर्षं गेलेली, आणि त्याचा ग्रंथ आज उताऱ्यांपुरताच उरलाय.

आता खरी अडचण. ल्योनला १५२८ साली सापडलेल्या ब्राँझच्या पत्र्यावर सम्राट क्लॉडियसचं इ.स. ४८ मधलं सिनेटपुढचं भाषण कोरलेलं आहे, त्यात तो सरळ म्हणतो की आपले लोक सर्व्हियसला बंदिवान बाईचा मुलगा मानतात, पण एट्रुस्कन (रोमच्या उत्तरेला राहणारे प्राचीन लोक) लेखकांच्या मते तो कीलियस व्हिबेनाचा जिवाभावाचा साथीदार, मूळ नाव मास्टार्ना, उरलेलं सैन्य घेऊन रोममध्ये आला, तिथल्या एका टेकडीला आपल्या सरदाराच्या नावावरून कीलियन म्हणाला. क्लॉडियसने एट्रुस्कनांचा वीस खंडी इतिहास लिहिला होता तो गेला, ते एट्रुस्कन लेखकही गेले. पण १८५७ मध्ये वुल्ची या एट्रुस्कन शहरात जी फ्रान्स्वा कबर उघडली तिच्या भिंतीवर मास्टार्ना व्हिबेनाचे दोर कापताना दाखवलाय, नावं शेजारीच लिहिलेली, आणि बाजूला मारला जाणारा माणूस आहे 'रोमचा टार्क्विनियस', म्हणजे सर्व्हियसच्या आधीच्या राजाचंच नाव! चित्रं इ.स.पू. चौथ्या शतकातली म्हणजे पिक्टरच्याही आधीची. मला तरी प्राचीन रोमबद्दल याहून थरारक काही माहीत नाही.

तर या चित्राला क्लॉडियसच्या म्हणण्याचा स्वतंत्र पुरावा धरता येईल का? आणि लिव्हीतलं पिक्टरचं किती, मधल्या इतिहासकारांचं किती, हे वेगळं काढायची काही पद्धत आहे का?

प्रतिसाद:
अर्धाच पुरावा धरा. चित्रावरून एवढंच ठरतं की वुल्चीच्या लोकांना मास्टार्ना माहीत होता आणि त्यांच्या कथेत तो रोमच्या टार्क्विनियसच्या विरुद्ध गटात होता, तोच सर्व्हियस हे भिंतीवर कुठेच नाही, ते फक्त क्लॉडियस सांगतो. फेस्टस या रोमन कोशकाराच्या कोशाच्या हस्तलिखितात जळक्या पानावर व्हिबेना बंधू आणि मास्टार्ना रोमला आल्याचा तुटका उल्लेख आहे तो जरूर बघा. शिवाय व्हेई या रोमजवळच्या एट्रुस्कन शहरात इ.स.पू. सहाव्या शतकातलं काळ्या मातीचं भांडं मिळालंय त्यावर औलुस व्हिबेना हे (कीलियसच्या भावाचं) नाव आहे, म्हणजे निदान नाव तरी त्या काळातलं खरं. पिक्टरसाठी ग्रीक इतिहासकार डायोनिसियस वाचा, टार्क्विनियसच्या मुलांच्या वयावरून तो पिक्टरला चुकीचं ठरवतो, त्यामुळे पिक्टरने काय लिहिलं होतं ते आपोआप हाती लागतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार, डायोनिसियसचा चौथा खंड आजच काढतो. फेस्टसवरून एक सुचलं, रोमन पंडित व्हॅरो व्हिबेनाला पहिला राजा रोम्युलसच्या मदतीला आणतो आणि इतिहासकार टॅसिटस म्हणतो थोरल्या टार्क्विनियसच्या (पाचवा राजा) नाहीतर दुसऱ्या कुठल्या राजाच्या काळात, म्हणजे एकच माणूस राजे बदलत फिरतोय. मग माणूस आधी आणि काळ नंतर चिकटवलाय असं समजायचं का? यावर कुणी वाचलं असेल तर प्लीज लिहा.